सोंगटी, खुंटा आणि कोन
संगणकीय खेळातील चित्रांचे स्थान व भ्रमण



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या एका निवृत्त अध्यापकाने संगणकीय खेळांचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु शाळेतील मुले संगणकावर लहानसहान खेळ रचू लागली म्हणजे ज्या अडचणीपाशी हमखास अडखळतात, ती अडचण माझ्या समजुतीप्रमाणे अर्धी गणिताची व अर्धी भाषेची आहे. पडद्यावर एक होडी ठेवावयाची असते; ती भलतीकडेच जाऊन बसते. तिला थोडी वळवावयाची असते. वळता वळता ती जागा सोडून दूर फेकली जाते. मग विद्यार्थी अंदाजाने आकडे बदलीत राहतो. कधी होडी जागेवर येते, कधी येत नाही. पण आली तरी ती का आली हे त्याला उमगत नाही. गणित आपल्यासाठी नाही, संगणक तर नाहीच, अशी समजूत मनात घर करते ती अशाच वेळी. म्हणून हा विषय क्षुल्लक मानू नये.

व्याकरणाच्या तासाला आपण कारके शिकतो. ‘ठेव’ हे क्रियापद एकट्याने पुरे होत नाही. काय ठेवावयाचे, कोठे ठेवावयाचे, आणि ते ‘कोठे’ कोठून मोजावयाचे, हे सांगावे लागते. ‘फिरव’ या क्रियापदाचेही तसेच. काय फिरवावयाचे, किती, कोणत्या बाजूस, आणि मुख्य म्हणजे कशाभोवती? माणसामाणसांच्या बोलण्यात हे सारे अध्याहृत राहिले तरी चालते, कारण ऐकणारा प्रसंग जाणतो. संगणकाला प्रसंग कळत नाही. आपण जे सांगितले नाही ते तो त्याच्या ठरलेल्या रिवाजाने भरून घेतो. तो रिवाज ठाऊक असावा, नाहीतर वाक्य आपण पूर्ण बोलावे. आजच्या विवेचनाचे सार एवढेच आहे. पुढे जे येईल तो त्याचा विस्तार होय.

१. सोंगटी आणि पट

खेळातील हलत्या चित्राला इंग्रजी परिभाषेत ‘स्प्राइट’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ परी अथवा यक्षिणीसारखी हवेत तरंगणारी व्यक्ती. मागचे दृश्य न विस्कटता त्यावरून तरंगत जाणारे चित्र, म्हणून हे नाव. मराठीत मला यासाठी ‘सोंगटी’ हा शब्द जवळचा वाटतो. सारीपाटाचा पट आपल्या जागी राहतो, सोंगटी त्यावरून चालते. सोंगटी उचलली तर तिच्याखालचे घर जसेच्या तसे असते. संगणकीय खेळातही नदी, डोंगर, रस्ता हा पट आणि होडी, पक्षी, चेंडू या सोंगट्या.

प्रारंभीच्या यंत्रांत या सोंगट्यांसाठी स्वतंत्र सोय असे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीच्या १९७९ सालच्या टीएमएस ९९१८ या चित्रचकतीवर बत्तीस सोंगट्या ठेवता येत, मात्र एका आडव्या ओळीत चारच दिसत. १९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकात आठ सोंगट्या होत्या. प्रत्येकीची रुंदी २४ बिंदू व उंची २१ बिंदू. ही यंत्रे सोंगटी हवी तेथे ठेवीत, परंतु तिला फिरविण्याची सोय त्यांत नव्हती. चित्रकारालाच तीच होडी निरनिराळ्या दिशांना तोंड केलेली पुन्हा पुन्हा काढावी लागे. सोळा दिशा हव्या असतील तर दर साडेबावीस अंशाला एक, अशी सोळा चित्रे. आज संगणक एकच चित्र कोणत्याही कोनातून फिरवून देतो. श्रम वाचले, परंतु जे चित्रकाराच्या हाताला आपोआप कळत होते ते आता आपण शब्दांत आणि आकड्यांत सांगावे लागते.

२. स्थान : कोठून मोजावयाचे?

पडदा म्हणजे बारीक बिंदूंची जाळी. प्रत्येक बिंदूला दोन आकडे असतात. आडवे अंतर क्ष व उभे अंतर य. यांनाच आपण निर्देशक म्हणतो. भूमितीच्या वहीत आरंभबिंदू कागदाच्या मध्याशी असतो आणि य वर जाताना वाढतो. संगणकाच्या बहुतेक प्रणालींत मात्र आरंभबिंदू पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो, आणि य खाली जाताना वाढतो.

हा रिवाज उलटा वाटतो. पण त्याला कारण आहे. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यात किरण डाव्या वरच्या कोपऱ्यातून निघे, एक ओळ डावीकडून उजवीकडे रंगवी आणि मग खालच्या ओळीकडे उतरे. चित्राची साठवणही त्याच क्रमाने होऊ लागली. आपण देवनागरी लिहितो तीही अशीच. पानावरील ‘दहावी ओळ’ म्हणजे वरून दहावी. खालून मोजण्याचे आपल्या मनातही येत नाही. पडद्याला भूमितीची वही न समजता लिहिण्याचे पान समजले, की निम्मा घोटाळा मिटतो.

याला अपवादही आहेत. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ साली मुलांसाठी प्रसिद्ध केलेल्या ‘स्क्रॅच’ या प्रणालीत रंगमंच ४८० बिंदू रुंद व ३६० बिंदू उंच असतो, आरंभबिंदू बरोबर मध्यावर असतो, आणि य वर जाताना वाढतो. म्हणजे तेथे क्ष उणे २४० पासून अधिक २४० पर्यंत व य उणे १८० पासून अधिक १८० पर्यंत. जो विद्यार्थी स्क्रॅच शिकून पुढे दुसऱ्या प्रणालीकडे जातो, त्याची सोंगटी वर जाण्याऐवजी खाली जाऊ लागते, ती यामुळे. येथे त्याची बुद्धी कमी पडलेली नसते; रिवाज बदललेला असतो.

आता दुसरा प्रश्न. सोंगटी (२००, १५०) या ठिकाणी ठेव असे आपण म्हटले, तर सोंगटीचा कोणता भाग तेथे यावयाचा? सोंगटी हा बिंदू नव्हे. तिला रुंदी व उंची आहे. समजा, होडीचे चित्र ६४ बिंदू रुंद आणि ३२ बिंदू उंच आहे. अनेक प्रणाली चित्राचा डावा वरचा कोपरा त्या ठिकाणी ठेवतात. मग होडीचा मध्य येतो (२३२, १६६) येथे. आपल्याला मध्य (२००, १५०) वर हवा असेल तर निम्मी रुंदी व निम्मी उंची वजा केली पाहिजे, म्हणजे कोपरा (१६८, १३४) येथे ठेवावा लागेल. घराचा पत्ता सांगताना उंबरठा कोणता हे ठरलेले असावे, तसेच हे.

३. खुंटा : कशाभोवती फिरावयाचे?

ज्यांच्या घरी जाते होते त्यांना खुंटा ठाऊक आहे. जात्याची वरची तळी ज्या मधल्या खुंट्याभोवती फिरते तो खुंटा तेवढा जागचा हलत नाही. बाकीचा प्रत्येक कण वर्तुळात फिरतो. सोंगटीलाही असा एक खुंटा असतो. चित्र फिरविताना जो बिंदू स्थिर राहतो तो खुंटा.

खुंटा कोठे असावा, हे वस्तूच्या स्वभावावर अवलंबून आहे. बैलगाडीच्या चाकाचा खुंटा मध्यभागी. घड्याळाच्या काट्याचा खुंटा त्याच्या मुळाशी. दाराचा खुंटा कडेला, बिजागरीपाशी. मुलांच्या सी-सॉच्या फळीचा मध्यावर; पण झोपाळ्याचा खुंटा झोपाळ्याच्या पाटाबाहेर, वर आढ्याला. खुंटा चित्राच्या आतच असला पाहिजे असे मुळीच नाही.

प्रणालीने खुंटा डाव्या वरच्या कोपऱ्यात गृहीत धरला आणि आपण मध्यावर, तर काय घडते ते आकड्यांत पाहू. वरील होडीचा कोपरा (१६८, १३४) येथे आहे व मध्य (२००, १५०) येथे. तिला कोपऱ्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ९० अंश फिरविले. आता होडी उभी झाली, आणि तिचा मध्य (१५२, १६६) येथे जाऊन पोहोचला. म्हणजे ४८ बिंदू डावीकडे आणि १६ बिंदू खाली. ‘मी फक्त फिरवली, ती सरकली कशी?’ हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. होडी फिरलीच, पण जात्यासारखी न फिरता दारासारखी फिरली.

प्रयोग घरी करता येतो. एक जुने पोस्टकार्ड घ्यावे, चौकटीच्या कागदावर ठेवावे, मध्यावर टाचणी टोचून फिरवावे आणि कडा आखून घ्याव्यात. मग टाचणी कोपऱ्यात टोचून तेच करावे. दोन्ही आकृत्या शेजारी ठेवल्या म्हणजे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

४. ज्या, कोज्या आणि खानदेशातील एक शिलालेख

फिरलेल्या बिंदूचे नवे निर्देशक कसे काढावयाचे? येथे ज्या व कोज्या या दोन राशी लागतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना साइन व कोसाइन म्हणतात. परकी वाटणारी ही नावे मुळात आपलीच आहेत. धनुष्याची दोरी ती ज्या. तिलाच जीवा असेही म्हणत. आर्यभटाने इ. स. ४९९ मधील आपल्या ग्रंथात ३४३८ कला त्रिज्येच्या वर्तुळासाठी, दर २२५ कलांना म्हणजे पावणेचार अंशांना एक, अशा चोवीस ज्यांची सारणी देण्याची सोय केली. जीवा हा शब्द अरबी ग्रंथांत ‘जिबा’ असा गेला. स्वरचिन्हांवाचून लिहिलेला तो शब्द पुढे ‘जैब’ असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राची चुणी किंवा छातीवरील घडी. हिंदी-उर्दूतील ‘जेब’ त्याच शब्दाचे रूप. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द योजला, आणि त्यावरून साइन आले. धनुष्याची दोरी खिशात जाऊन परत आली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता सूत्र. खुंट्यापासून एक बिंदू क्ष इतका आडवा व य इतका उभा दूर आहे. त्याला ब या कोनातून फिरविले, तर

नवा क्ष = क्ष × कोज्या ब − य × ज्या ब
नवा य = क्ष × ज्या ब + य × कोज्या ब

हे सूत्र पाठ करण्याची गरज नाही. ते कोठून येते ते पाहावे. बिंदू खुंट्यापासून र अंतरावर आणि अ या कोनात असेल, तर क्ष = र × कोज्या अ आणि य = र × ज्या अ. फिरविल्यावर अंतर तेच राहिले, कोन झाला अ + ब. म्हणजे आपल्याला दोन कोनांच्या बेरजेची ज्या व कोज्या हवी. ज्या (अ + ब) म्हणजे ज्या अ × कोज्या ब अधिक कोज्या अ × ज्या ब. या नियमाला भास्कराचार्यांनी ‘समासभावना’ म्हटले आहे, व वजाबाकीच्या नियमाला ‘अंतरभावना’. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धांतशिरोमणी रचला. त्यातील ज्योत्पत्ति या प्रकरणात हे नियम आहेत. त्यांच्या काळी ज्या ही लांबी मानीत असल्यामुळे गुणाकारानंतर त्रिज्येने भागावे लागे, एवढाच फरक. आज पडद्यावर जी होडी वळते ती समासभावनेने वळते.

कोसाड आणि सुरतेच्या आसपास वसलेल्या ज्या कुटुंबांचे मूळ खानदेशात आहे, त्यांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे शके ११२८, म्हणजे इ. स. १२०६-०७ चा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले, असे त्यात नमूद आहे. लेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठीत असून बाजारात येणाऱ्या मालावरील राजाचा वाटा मठास दिल्याची नोंद त्या भागात आहे. म्हणून मराठी भाषेच्या अभ्यासकांनाही हा लेख मोलाचा वाटतो. गणित शिकविण्यासाठी पेठेतून खर्च चालावा, ही व्यवस्था आठशे वर्षांपूर्वी खानदेशात होती. त्या परिसराचे पाणी गिरणेवाटे तापीला मिळते, आणि ती तापी आपल्या कोसाडच्या दक्षिणेकडून समुद्राकडे जाते.

सूत्राचा एक पडताळा घेऊ. खुंट्यापासून ४० बिंदू उजवीकडे असलेला बिंदू ३० अंशांनी फिरवावा. ३० अंशांची ज्या अर्धा, कोज्या सुमारे ०.८६६. नवा क्ष ३४.६४, नवा य २०. भूमितीच्या वहीत हा बिंदू वर चढला. पडद्यावर य खाली वाढत असल्यामुळे तो खाली उतरला. सूत्र तेच, तरी वहीत फिरणे घड्याळाच्या उलट दिशेचे आणि पडद्यावर घड्याळाच्या दिशेचे. येथेही आरंभबिंदूचा रिवाज आडवा येतो.

सोंगटी ज्या दिशेला तोंड करून आहे त्या दिशेनेच पुढे सरकवावयाची असेल, तर हीच दोन राशी कामी येतात. १० बिंदूंचे पाऊल ३० अंशांच्या दिशेने टाकले की क्ष मध्ये ८.६६ व य मध्ये ५ मिळवावे. जुन्या मंद संगणकांवर दर क्षणी ज्या काढणे परवडत नसे. म्हणून खेळ रचणारे ज्यांची तयार सारणी यंत्रात ठेवीत. आर्यभटाची युक्ती दीड हजार वर्षांनी अशी पुन्हा उपयोगी पडली.

५. क्रम : आधी काय, मग काय?

दहा पावले चाला आणि उजवीकडे वळा. उजवीकडे वळा आणि दहा पावले चाला. शब्द तेच, मुक्काम वेगळा. सोंगटीचेही असेच आहे. खुंटा आरंभबिंदूवर ठेवून सोंगटी ९० अंश फिरविली आणि नंतर १०० बिंदू उजवीकडे सरकविली, तर ती (१००, ०) येथे वळलेल्या स्थितीत दिसेल. आधी १०० बिंदू सरकवून मग आरंभबिंदूभोवती फिरविली, तर ती (०, १००) येथे जाईल. पहिले परिवलन आणि दुसरे परिभ्रमण. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते पहिल्यासारखे, सूर्याभोवती फिरते ते दुसऱ्यासारखे. दोन्ही गती खेळात उपयोगी आहेत. कोणती हवी ते मात्र आपण ठरवावे.

यावरून कोणत्याही खुंट्याभोवती फिरविण्याची रीत निघते. बिंदूच्या निर्देशकांतून खुंट्याचे निर्देशक वजा करावेत. उरलेल्या अंतरांना वरील सूत्र लावावे. शेवटी खुंट्याचे निर्देशक परत मिळवावेत. वजा, फिरविणे, मिळविणे, हा क्रम कधीही मोडू नये.

काही प्रणालींत मात्र आज्ञा चित्राला दिली जात नाही, कागदाला दिली जाते. ‘सरक’ म्हटले की सारी जाळीच सरकते, ‘फिर’ म्हटले की अक्षच फिरतात, आणि मग चित्र त्या फिरलेल्या जाळीवर उमटते. अशा ठिकाणी आधी ‘सरक’ व नंतर ‘फिर’ असे लिहावे लागते. लिहिण्याचा क्रम उलटा दिसतो, परिणाम मात्र जागेवर वळलेल्या सोंगटीचाच होतो. नवी प्रणाली हाती आली की आज्ञा कोणाला दिली जाते, चित्राला की कागदाला, हे प्रथम पाहावे.

६. दिशा, परिमाण आणि तोंड

शून्य अंश म्हणजे कोठे? भूमितीत उजवीकडे. स्क्रॅचमध्ये वर, तेथे उजवीकडे म्हणजे ९० अंश, आणि कोन घड्याळाच्या दिशेने वाढतो. चित्रकाराने पक्षी उजवीकडे तोंड केलेला काढला की वर तोंड केलेला, हेही महत्त्वाचे आहे. चित्राचे मूळ तोंड व प्रणालीचे शून्य यांत ९० अंशांचे अंतर असेल, तर पक्षी सदैव एका कुशीवर उडताना दिसेल. उपाय सोपा आहे. प्रत्येक कोनात तो फरक मिळवावा, अथवा चित्रच नीट काढून घ्यावे.

कोनाचे परिमाणही दोन प्रकारचे असते. पूर्ण फेरी म्हणजे ३६० अंश किंवा सुमारे ६.२८३ रेडियन. ज्या व कोज्या काढणारी आज्ञा बहुधा रेडियनची अपेक्षा करते. तिला ९० हा आकडा अंश समजून दिला, तर ती ९० रेडियन धरते; म्हणजे चौदा पूर्ण फेऱ्या आणि वर सुमारे ११६.६ अंश. सोंगटी वेड्यासारखी भलत्या दिशेला पाहते ती यामुळे.

सोंगटीने चेंडूकडे तोंड करावे असे वाटत असेल, तर चेंडूच्या निर्देशकांतून सोंगटीचे निर्देशक वजा करून दोन अंतरे काढावीत व त्यांवरून कोन काढावा. येथे केवळ य भागिले क्ष हा भागाकार पुरत नाही. (१०, १०) व (−१०, −१०) या दोन्हींचा भागाकार एकच येतो, पण दिशा परस्परविरुद्ध. भागाकारात चिन्हे हरवतात. म्हणून दोन्ही अंतरे स्वतंत्रपणे घेणारी ‘ॲटन-टू’ ही आज्ञा वापरतात. ती चिन्हे पाहून योग्य चरणातील कोन देते.

आणखी एक नेहमीची फजिती. उजवीकडे चालणारे मांजर डावीकडे वळवावे म्हणून १८० अंश फिरविले, तर ते पाठीवर पडून पाय वर करून चालते. फिरविणे वेगळे आणि आरशातील प्रतिमा घेणे वेगळे. बाजूने दिसणाऱ्या प्राण्याला आरसा हवा. वरून दिसणाऱ्या होडीला कोन हवा.

७. मूळ प्रत जपावी

आयताकार चित्र तिरपे केले की त्याला सामावणारी सरळ चौकट बदलते. ६४ × ३२ ची होडी ४५ अंशांनी वळविली, तर तिच्यासाठी सुमारे ६८ × ६८ ची चौकट लागते. पायथन भाषेतील ‘पायगेम’ या साधनात फिरविलेले चित्र अशा मोठ्या चौकटीत हाती येते. ते जुन्याच डाव्या वरच्या कोपऱ्यावर ठेवले, तर वळताना होडी थरथरत पुढेमागे होते. प्रत्येक वेळी नव्या चौकटीचा मध्य जुन्या मध्यावर आणून ठेवावा, म्हणजे थरथर थांबते.

याहून गंभीर गोष्ट अशी की, फिरविलेले चित्रच पुन्हा फिरवीत जाऊ नये. बिंदूंची जाळी चौकोनी. तिरप्या कडा तिच्यात तंतोतंत बसत नाहीत, म्हणून दर फेरीला थोडी पुसटता येते. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल, असे करीत गेले की होडीची वाफ होते. पोथ्यांच्या इतिहासात हे आपण पाहिले आहे. हस्तलिखितांच्या नकला होता होता ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले, तेव्हा शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. संगणकात एवढे कष्ट नाहीत. मूळ चित्र व एकूण कोन हे दोन्ही जपून ठेवावेत, आणि प्रत्येक वेळी मूळ चित्रच त्या एकूण कोनातून फिरवून घ्यावे. आधी दहा अंश, मग आणखी दहा अंश असतील, तर मूळ चित्र वीस अंशांनी फिरवावे.

८. हा विद्येचा उपयोग कोठे?

खेळापुरतेच हे असते तरी मी ते सांगितले असते. खेळ ही मुलांची पहिली प्रयोगशाळा आहे. परंतु सुरतेत कापडाचा धंदा ज्यांच्या घरात आहे त्यांना हे निराळ्या रूपात परिचित असेल. साडीच्या काठावरील वेल कोपऱ्यात वळवावयाची, पदरावर कोयरी तिरपी बसवावयाची, बुट्टी ठरलेल्या अंतराने मांडावयाची. संगणकावर नक्षी तयार करणारा कारागीर याच चार गोष्टींशी झगडत असतो. खुंटा चुकला तर कोयरी काठाबाहेर जाते. आणि पडद्यावरची होडी पुसून पुन्हा काढता येते, तसे छापलेल्या कापडाचे करता येत नाही.

सुरत महानगरपालिकेच्या शाळांत मराठी माध्यमाचीही सोय आहे. त्या वर्गांतून येणाऱ्या मुलांना संगणक म्हणजे इंग्रजी, आणि इंग्रजी म्हणजे आपली सीमा, असे वाटू नये, एवढ्यासाठी मी सोंगटी, खुंटा, पट हे शब्द योजले. आज्ञा इंग्रजीत लिहाव्या लागतील, त्या लिहाव्यातच. त्यांचे स्पेलिंग पंधरा दिवसांत येते. पण ‘कोठून, कशाभोवती, कोणत्या बाजूस, कोणत्या क्रमाने’ हा विचार ज्या भाषेत आई घरी काम सांगते त्या भाषेत आधी पक्का झाला, तर तो परीक्षेनंतरही टिकतो.

शिक्षकांना एक विनंती. विद्यार्थ्याची सोंगटी भलतीकडे गेली तर त्याचे आकडे लगेच दुरुस्त करून देऊ नयेत. त्याला त्याची आज्ञा मराठीत पूर्ण वाक्यात म्हणावयास सांगावे. ‘होडीला तिच्या मध्याभोवती, घड्याळाच्या दिशेने, तीस अंश फिरव, मग तिचा मध्य पडद्याच्या डाव्या कडेपासून दोनशे आणि वरच्या कडेपासून दीडशे बिंदूंवर ठेव.’ हे वाक्य म्हणताना तो जेथे थांबेल, बहुधा तेथेच त्याची चूक सापडेल. व्याकरणाच्या तासाला आपण वाक्यातील कर्ता-कर्म ओळखावयास लावतो, ते अशाच कामासाठी.